रहाड दरवर्षी उकरतो, मग कुंडं का नाही?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात आपण रविवार कारंजावरच्या टांग्यांचं जुनं छायाचित्र छापलंत. आमच्या सौ.ने ते कापून फ्रिजवर लावलं. तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर उभा राहून ‘काय नाशिक होतं हो!’ म्हणतो आणि चहा मागतो. टांग्यांबरोबर लिदेचा वास असायचा आणि पावसाळ्यात माशाही असायच्या, हे कुणाला आठवत नाही.

मी जुन्या नाशकातल्या तिवंधा चौकाजवळच्या वाड्यात वाढलो. वाडा म्हटलं की आता झोपाळा, माजघर आणि तुळशीवृंदावन आठवतं. आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं, एक नळ आणि मागे टोपलीचे दोन संडास होते. पहाटे मला जाग यायची ती नळावरच्या भांडणाने, भूपाळीने नव्हे. आणि थोडं आणखी मागे गेलं तर याच गावात, 2 मार्च 1930 रोजी, काळाराम मंदिराच्या दारात दलितांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू करावा लागला होता. पाच वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. त्यामुळे ‘जुनं ते सोनं’ असं सरसकट म्हणायला माझी जीभ वळत नाही. मार्चपर्यंत पंख्याशिवाय झोप लागायची, ही एक गोष्ट मात्र मी बिनशर्त परत मागेन. पण ती देणारा कुणी नाही.

मागून मिळण्यासारखी एकच गोष्ट आहे, नदीतली काँक्रीटखाली बुजलेली कुंडं, म्हणून हे पत्र.

अस्सल नाशिककर गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. आजी रोज सकाळी तांब्या घेऊन ‘गंगेवर जाऊन येते’ म्हणायची, आणि त्यात देवधर्म किती आणि गप्पा किती हे आजोबांनाही ठाऊक होतं. आम्हा पोरांना नदी अशी सलग दिसायचीच नाही, कुंडं दिसायची. लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, सीताकुंड, अहिल्याकुंड, हे आमचे पत्ते होते. पोहणं शिकायच्या इयत्ताही कुंडांवर ठरायच्या. पाठीला रिकामा डबा बांधून उथळ पाण्यात सुरुवात. डबा सुटला की पुढच्या कुंडात बढती. पायऱ्यांचे दगड मधोमध झिजून वाटीसारखे झाले होते. पाय आपोआप तिथेच पडायचा आणि तिथेच घसरायचा.

पूर मोजायची पट्टीही तिथेच उभी होती, पात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती. ‘किती चढलंय?’ ‘मारुतीच्या कमरेला लागलंय.’ एवढ्यात सगळ्या गावाला सगळं कळायचं. छातीपर्यंत आलं की भांडी बाजारात माल वर चढायला लागायचा. काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागलं म्हटलं की मोठी माणसंही गप्प व्हायची.

सप्टेंबर 1969 च्या महापुरात मी अकरा वर्षांचा होतो. जुनं नाशिक टेकड्यांवर वसलेलं. आमचा वाडा उंचावर होता, म्हणून खालच्या गल्लीतली तीन कुटुंबं रात्री आमच्याकडे आली. वडील मला बॅटरीच्या उजेडात उताराच्या टोकापर्यंत घेऊन गेले. पुढे रस्ता नव्हताच, नुसतं मातकट पाणी होतं आणि त्याचा एक जड, ओला वास. त्या पाण्यातून तांब्याचा एक हंडा आला. भिंतीवर आपटायचा, टण्ण वाजायचा, थोडा फिरायचा, पुन्हा आपटायचा. वडील म्हणाले, ‘हात लावू नको, कुणाचा तरी आहे.’ पाणी उतरल्यावर ज्याने त्याने आपापली भांडी ओळखून नेली. काहींची मिळाली नाहीत हेही खरं, उगाच गोड करून सांगत नाही.

पूर त्यानंतरही आले. 19 सप्टेंबर 2008 चा आणि 2 ऑगस्ट 2016 चा तर आपल्या वाचकांनीही पाहिलाय. पण आता ‘गंगापूर धरणातून इतका क्युसेक विसर्ग’ असा मेसेज येतो, आणि कितीही हजारांचा आकडा असला तरी मला त्यातून काही उमगत नाही. शेवटी इंदिरानगरातून मुलाला फोन करून विचारतोच, ‘मारुतीच्या कुठवर आलंय?’

2003 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत या पात्रात काँक्रीट ओतलं गेलं. भाविकांची सोय हे कारण. सोय नको असं कोण म्हणेल? त्याच सिंहस्थात 27 ऑगस्टला चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली, त्या दिवशी आपल्या माणसांची वाट पाहत बसलेली घरं मी पाहिली आहेत. पण चेंगराचेंगरी झाली ती गावातल्या अरुंद उतारावर, कुंडात नाही. कुंडांच्या तळाला झरे होते. उन्हाळ्यात नदी आटली तरी पाणी आतून यायचं, पायाला एकदम गार लागायचं. वरून काँक्रीट घातल्यावर झरा बिचारा काय करणार? कुंडं बुजली, झरे कोंडले गेले, पात्र सपाट झालं. सपाट जागा दिसली की आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. एरवीच्या दिवशी गोदाघाटावर जाऊन बघा, गाड्या लागलेल्या असतात. जिथे मे महिन्यात चटईवर बसून वसंत व्याख्यानमालेची भाषणं ऐकली, त्या यशवंतराव महाराज पटांगणाच्या आजूबाजूला आता चालताना आरशाला कोपर लागत नाही ना, हे बघावं लागतं.

मध्यंतरी काही ठिकाणी हे काँक्रीट फोडायला घेतलं होतं. मी कचेरीत विचारायला गेलो तेव्हा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलो आणि शेवटी ‘काका, मूळ कुंड नक्की कुठे होतं याची खात्री पाहिजे ना’ असं उत्तर मिळालं. टेबलामागचा तो मुलगा नम्र होता, त्याच्यावर राग नाही. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या चौकातच आहे.

नाशिकची रंगपंचमी रहाडीची. रहाड म्हणजे चौकातला पेशवेकाळापासूनचा दगडी हौद. वर्षभर तो लाकडांनी आणि मातीने झाकलेला. वरून रिक्षा जातात, हातगाड्या लागतात, लग्नाची वरात नाचून जाते. परगावच्या माणसाला खाली काही आहे याचा पत्ताही लागत नाही. रंगपंचमी जवळ आली की माती काढायची, हौद धुवायचा, फुलांचा रंग उकळून ओतायचा, पूजा करायची आणि मग धप्पा! सगळं अंग आडवं टाकून मारलेली उडी. काठावरचा माणूस कोरडा राहिला तर तो धप्पा नव्हे. आमच्या तिवंध्याच्या रहाडीचा रंग पिवळा. शनि चौक, दिल्ली दरवाजा इथे वेगळे. तो रंग आठ-आठ दिवस कानामागून जात नाही. शाळेत मास्तर कान बघून ओळखायचे कोण कुठल्या रहाडीत पडलाय.

म्हणजे दरवर्षी झाकायचं आणि दरवर्षी पुन्हा उघडायचं, हे या गावाच्या हाताला पिढ्यान् पिढ्या सवयीचं आहे. रस्त्याखालचा हौद आम्हाला नकाशाशिवाय सापडतो. मग नदीतली कुंडं सापडत नाहीत, हे कसं पटावं?

2027 च्या सिंहस्थाची कामं आता जोरात आहेत. तपोवनातली झाडं तोडणार म्हटल्यावर लोक रस्त्यावर आले, बरं वाटलं. काँक्रीटखालच्या झऱ्यांसाठी कुणी येणार नाही, कारण ते दिसत नाहीत. माझी मागणी छोटी आहे: या तयारीत पात्रात नवं काँक्रीट नको, आणि जुन्यातलं निदान दोन कुंडांवरचं काढा. घाटावरच्या गाड्या दुसरीकडे हलवा. सुशोभीकरणाचे दिवे नंतर लावा.

जागेची खात्री हवी असेल तर पुढच्या रंगपंचमीआधी तिवंध्यात येऊन बघावं. पहारीचा पहिला घाव कुठे घालायचा, हे तिथली पोरं टेप न लावता सांगतात. गंगेवर तसं सांगू शकणारे माझ्या ओळखीचे अजून आठ-दहा जण आहेत, सगळे सत्तरीच्या आसपासचे. बोलावलंत तर सगळ्यांना घेऊन येतो. फक्त सकाळी आठच्या आत बोलवा, आता उन्हात फार वेळ उभं राहवत नाही.

आपला,
तिवंध्यात वाढलेला एक वाचक
(सध्या मुक्काम इंदिरानगर, नाशिक)