गाडीची पारख घाटात व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर येणारी नव्या गाड्यांची परीक्षणे मी आवर्जून वाचतो. मात्र अलीकडे त्यांत स्क्रीन किती मोठा, सनरूफ आहे की नाही आणि शून्यावरून शंभराचा वेग किती सेकंदांत गाठला जातो, यांनाच बहुतेक जागा मिळते. गाडी चालवण्यात आनंद वाटतो का आणि तो कशामुळे वाटतो, हा गाडीवेड्यांच्या दृष्टीने मुख्य असलेला प्रश्न बाजूला पडतो.

आमच्या कोकण किनाऱ्यावरच्या रस्त्यांवर शंभराच्या वेगाचा काही उपयोग नाही. केळशीहून आंजर्ल्याकडे येताना किंवा गुहागरहून हेदवीकडे जाताना वाडीतला रस्ता असा अरुंद होतो, की दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे (दगडी कुंपणे) आणि समोरून एसटी आली, तर कुणीतरी मागे सरल्यावाचून गत्यंतर नसते. आरसे मिटायचे, गडगा जिथे थोडा आत वळला आहे तिथवर रिव्हर्समध्ये यायचे, डावी चाके गटाराच्या अगदी काठावर ठेवायची आणि एसटीच्या चालकाने जाता जाता हात वर केला की पुन्हा पहिला गिअर टाकायचा. गाडीची लांबी-रुंदी अंगात मुरली असल्याखेरीज हे जमत नाही आणि ते सफाईने जमते तेव्हा जे समाधान मिळते, ते चौपदरी महामार्गावर कितीही वेगाने गेले तरी मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

1983च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800चे इंजिन अवघे 796 सीसीचे आणि वजन साधारण साडेसहाशे किलो होते. सुरुवातीच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हते, त्यामुळे चाकाखाली खडी आली की चिखल, हे हातांना लगेच कळे. आजच्या मोठ्या एसयूव्ही जवळजवळ 1.9 मीटर रुंद आहेत आणि त्यांतल्या कित्येकांचे वजन दोन टनांच्या घरात जाते. या वजनातला काही भाग मजबूत सांगाड्याचा आणि सुरक्षिततेच्या साधनांचा आहे. तो कमी करावा असे कोणीही म्हणणार नाही. परंतु उंच आणि रुंद गाडी म्हणजेच चांगली गाडी, ही समजूत आमच्या रस्त्यांवर खोटी ठरते. हलकी हॅचबॅक, नेमका पडणारा गिअर आणि वळणावर न डोलणारे सस्पेन्शन, एवढ्यावर इथे दिवस मजेत जातो.

घाटात तर चालकाची खरी कसोटी लागते. कुंभार्ली, आंबा किंवा करूळ घाटात गिअर वळणाच्या आधी बदलावा लागतो, मध्यावर नव्हे. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचे, हा जुन्या चालकांचा दंडक आजही तितकाच खरा आहे. नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली की पॅड तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. (विजेवरच्या गाड्या उतारावर मोटरच्याच जोरावर वेग आवरतात आणि वर बॅटरीही थोडी भरून घेतात, हे मान्य केलेच पाहिजे.) अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियम आहे. तो पाळणारे कमी होत चालले आहेत. प्रखर दिवे लावून खाली येणारी मोठी गाडी जेव्हा चढणाऱ्याला कडेला दाबते, तेव्हा दोघांपैकी कुणाचाच प्रवास आनंदाचा होत नाही.

सर्वांत क्लेशदायक प्रकार पुळणीवर गाड्या घालण्याचा. हर्णै, कर्दे, मुरूडच्या किनाऱ्यांवर भरती चढत असताना वाळूत रुतलेली गाडी ओढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि खारे पाणी शिरलेल्या गाडीचे ब्रेक, बेअरिंग आणि तळाचा पत्रा पुढे गंजत राहतो. त्याहून वाईट असे की वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. चाकांखाली वाळू घट्ट होते, आणि समुद्राकडे निघालेली पिल्ले टायरच्या खोल चाकोरीत अडकून पडतात. वाळूत गोल गोल गाडी फिरवणे हे ड्रायव्हिंगचे कौशल्य नाही, हे आपणा गाडीप्रेमींनीच सर्वांआधी आणि स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. पोलीस कारवाई करतात ती गाडी रुतल्यानंतर.

म्हणून आपणांस विनंती, की परीक्षणासाठी येणारी गाडी एकदा चिपळूणहून कुंभार्ली घाटाने पाटणपर्यंत न्यावी आणि नंतर दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून खाडी ओलांडून किनाऱ्याच्या रस्त्याने फिरवावी. पाच माणसे आणि सामान भरल्यावर ती दुसऱ्या गिअरवर किती सहज चढते, वळणावर समोरच्या काचेच्या कडेचा खांब नजरेच्या किती आड येतो, स्टिअरिंगमधून रस्ता हाताला किती कळतो आणि तिचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांवर किती येतात, हे वाचकांना सांगावे.

आपला,
एक वाचक, दापोली (जि. रत्नागिरी)