सोलापूर-मुंबई : वेळ घरापासून मोजा

मा. संपादक,

विमानसेवेमुळे सोलापूरहून मुंबई आता तासाभरावर आली, असे सर्रास बोलले जाते. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून विमान उडावे म्हणून शहराने काढलेली वर्षे पाहता हा आनंद रास्तच आहे. पण प्रवाशाच्या उपयोगाचा असतो तो घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंतचा वेळ, आणि तो हिशेब कोणी मांडत नाही.

हवाई अंतर सुमारे ३६० किलोमीटर, रस्त्याने सुमारे ४००. म्हणजे विमानाने अंतर फारसे वाचत नाही, वाचतो तो वेळ. तोही जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. सामानाचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, त्यामुळे दीड तास आधी पोचणे आले. घरातून विमानतळ वीस मिनिटे, प्रवास साधारण सव्वा तास, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. काम अंधेरीला किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात असेल तर चार-सव्वाचार तासांत माणूस पोचतो. मंत्रालयात असेल तर पुढचा तास-दीड तास टॅक्सीतच जातो. वंदे भारत साडेसहा तासांत थेट सीएसएमटीला उतरवते, तिथून मंत्रालय हाकेच्या अंतरावर. फोर्टात काम असणाऱ्याचे विमानाने दोन तासच वाचतात. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे तास तर झोपेतच सरतात.

मोटारीने आठ-नऊ तास धरावेत. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस हे टोलनाके फास्टॅगमुळे फारसे अडवत नाहीत. वेळ खाते ते पुणे : लोणी काळभोरपासून हडपसर ओलांडून द्रुतगती मार्गाला लागेपर्यंत तास-दीड तास सहज जातो. शुक्रवारी संध्याकाळी किंवा सुट्ट्यांत खंडाळा घाटाचा वेगळा वेळ धरावाच लागतो.

मुंबईहून पंढरपूरला येणाऱ्यांनी आधी नकाशा पाहावा. रस्त्याने ते टेंभुर्णीलाच वळतात. विमानाने सोलापूरला उतरून पुन्हा पंचाहत्तर किलोमीटर मागे जावे लागते. अक्कलकोट किंवा तुळजापूरला जाणाऱ्यांना मात्र विमान खरेच सोयीचे.

पुढे परदेशी विमान पकडायचे असेल त्यांनी विशेष जपावे. छोट्या मार्गांवर एकच विमान दिवसभरात अनेक गावांना फिरते. सकाळी कुठेतरी झालेला उशीर पुढच्या प्रत्येक गावाला भोगावा लागतो. त्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असतील तर पहिल्या विमानाच्या उशिराने पुढचे चुकल्यास पर्यायी व्यवस्थेची जबाबदारी कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटे असतील तर पुढचे पैसे बुडतात. अशा वेळी चार-पाच तासांपेक्षा कमी अंतर ठेवणे म्हणजे जुगारच. त्यापेक्षा आदल्या रात्रीची रेल्वे बरी.

म्हणून दोन मागण्या. सोलापूरकराला सकाळी जाऊन कामकाजाचे किमान पाच तास मिळावेत आणि रात्री घरी परतता यावे, अशा बेताने विमानाच्या वेळा ठरवाव्यात. वंदे भारतने जाऊन त्याच गाडीने परतायचे तर मुंबईत जेमतेम साडेतीन तास मिळतात, आणि त्यातच जेवणाची सुट्टी येते. दुसरी मागणी महापालिकेच्या परिवहन विभागाकडे : रेल्वे स्थानक ते विमानतळ बस प्रत्येक उड्डाणाच्या पावणेदोन तास आधी सुटावी, आणि विमान उशिरा उतरले तरी प्रवासी बाहेर येईपर्यंत ती थांबावी.

– एक वाचक, सोलापूर