टाळ्या समोरच्या प्रेक्षकांच्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सर्वांचा लाडका फुटबॉलपटू कोण, असा विषय निघाला की गाडी मेस्सी आणि रोनाल्डो या दोन नावांवर येऊन अडते. गोल किती, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचे बॅलन डी'ऑर पुरस्कार किती, समाजमाध्यमांवर चाहते किती, असे आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकले जातात आणि चर्चेचे भांडण होते. दोघेही असामान्य आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण एकाला देव मानणारे दुसऱ्याचे नाव काढताच तोंड वाकडे करतात, याला सर्वमान्यता कसे म्हणायचे? माझी कसोटी वेगळी आहे. ज्याने आपल्याला हरवले, त्याच्यासाठी समोरच्या संघाचे प्रेक्षक उठून उभे राहिले का?

असे प्रसंग थोडे आहेत, पण आहेत. नोव्हेंबर 2005 मध्ये रोनाल्डिन्योने रेआल माद्रिदच्या मैदानावर बार्सिलोनासाठी दोन गोल केले आणि माद्रिदचेच लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. 2008 मध्ये त्याच मैदानावर युव्हेंटसच्या देल पिएरोच्या वाट्याला तेच भाग्य आले. 2018 मध्ये माद्रिदच्या रोनाल्डोने युव्हेंटसच्या घरी, तुरिनमध्ये, हवेत उलटे झेपावून गोल मारला, तेव्हा युव्हेंटसच्या चाहत्यांनीही हात आखडता घेतला नाही. हे सारे कौशल्याचे कौतुक होते आणि ते योग्यच होते. पण आदर म्हणजे त्याहून अधिक काही, असे मला वाटते आणि म्हणून माझ्या यादीत पहिले नाव स्पेनच्या आणि बार्सिलोनाच्या आंद्रेस इनिएस्ताचे आहे.

2010 च्या विश्वचषकाची अंतिम लढत, जोहान्सबर्ग, जादा वेळेतले 116 वे मिनिट. नेदरलँड्सविरुद्ध स्पेनचा एकमेव गोल इनिएस्ताने केला आणि जर्सी काढून तो धावत सुटला. आतल्या बनियनवर हाताने लिहिलेले होते: दानी हार्के, तू सदैव आमच्यासोबत आहेस. हार्के हा एस्पान्योलचा कर्णधार. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये, अवघ्या 26 व्या वर्षी, हृदय बंद पडून तो गेला होता. एस्पान्योल म्हणजे बार्सिलोनाचा त्याच शहरातला कट्टर वैरी. पण कुमार गटाच्या राष्ट्रीय संघांत एकत्र वाढलेल्या मित्राची आठवण इनिएस्ताने आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणी जगासमोर मांडली. जर्सी काढल्याबद्दल पंचांनी नियमाप्रमाणे पिवळे कार्ड दाखवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बार्सिलोनाने एस्पान्योलला त्यांच्याच घरी 5-1 असे धुतले, तरीही तिथल्या प्रेक्षकांनी इनिएस्तासाठी टाळ्या वाजवल्या. 2015 मध्ये माद्रिदच्या मैदानावर 4-0 अशा विजयातही त्याला हाच मान मिळाला. मेस्सीइतके गोल त्याच्या नावावर नाहीत. पण त्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

आयव्हरी कोस्टच्या दिदिए द्रोग्बाचे नावही यायलाच हवे. ऑक्टोबर 2005 मध्ये आयव्हरी कोस्ट प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरले. देशात यादवी सुरू होती. सुदानमधल्या त्या विजयानंतर ड्रेसिंग रूममध्ये द्रोग्बाने सहकाऱ्यांसह कॅमेऱ्यासमोर गुडघे टेकले आणि शस्त्रे खाली ठेवण्याची विनवणी केली. एका खेळाडूने युद्ध थांबवले असे मी म्हणणार नाही. शांतता करार वाटाघाटींतून होतात आणि तिथलाही तसाच झाला. पण जून 2007 मध्ये मादागास्करविरुद्धचा सामना बंडखोरांचा बालेकिल्ला असलेल्या बुआके शहरात खेळला गेला. दोन्ही बाजूंना आपला वाटेल असा माणूस त्या देशात तेव्हा दुसरा कोण होता?

प्रामाणिकपणाचे उदाहरण द्यायचे तर मिरोस्लाव्ह क्लोजे. पुरुषांच्या विश्वचषकांत एकूण 16 गोलांचा विक्रम 2014 मध्ये करणाऱ्या या जर्मन आघाडीपटूने 2012 मध्ये इटलीतल्या लाझिओ क्लबकडून नापोलीविरुद्ध चेंडू हाताला लागून गोलमध्ये गेल्याचे स्वतःहून पंचांना सांगितले. गोल रद्द झाला आणि सामना लाझिओने 3-0 असा गमावला. हे वाचताना आजही माझा ऊर भरून येतो.

इटलीच्या पाओलो दी कानिओची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. 1998 मध्ये पंचांना ढकलल्याबद्दल त्याच्यावर 11 सामन्यांची बंदी आली होती. त्याच माणसाने डिसेंबर 2000 मध्ये प्रतिस्पर्धी एव्हर्टनचा गोलरक्षक जखमी होऊन पडलेला पाहून, गोल करण्याची संधी सोडून, येणारा चेंडू हातात पकडला. त्याला फिफाचा फेअर प्ले पुरस्कार मिळाला. मी त्याला यादीत घेत नाही, पण त्या क्षणाला घेतो.

सिमोन केअर हे नाव किती जणांना आठवते, कोण जाणे. 12 जून 2021, कोपनहेगन, डेन्मार्क विरुद्ध फिनलंड. 43 व्या मिनिटाच्या सुमारास डेन्मार्कचा क्रिस्तियन एरिक्सन मैदानात कोसळला. त्याचा कर्णधार केअर सर्वांत आधी धावला, त्याचा श्वास मोकळा राहील असे पाहिले आणि मग सहकाऱ्यांचे कडे उभे केले: पाठ मित्राकडे, तोंड बाहेर, म्हणजे कॅमेऱ्यांना काही दिसू नये. मग मैदानात आलेल्या एरिक्सनच्या जोडीदाराला त्याने धीर दिला. फिनलंडच्या चाहत्यांनी आडोशासाठी आपले झेंडे दिले. ते ‘क्रिस्तियन’ ओरडत होते आणि डेन्मार्कचे लोक ‘एरिक्सन’ म्हणून साथ देत होते. सामना पुन्हा सुरू झाला, पण केअरला खेळवेना, थोड्या वेळाने तो बाहेर गेला. मला तर ते त्याचे बाहेर जाणेही फार मोठे वाटले.

सादिओ माने याने सेनेगलमधल्या आपल्या बांबाली गावात शाळा आणि रुग्णालय उभारले, हे बहुतेकांना ठाऊक आहे. एन्गोलो कान्तेने लेस्टर आणि चेल्सी या दोन वेगवेगळ्या संघांसोबत लागोपाठ दोन वर्षे इंग्लिश प्रीमियर लीग जिंकली आणि 2018 मध्ये फ्रान्सच्या संघातून विश्वचषक जिंकल्यावर हा लाजाळू माणूस चषक मागायलाही पुढे येईना, तेव्हा सहकाऱ्यांनीच तो त्याच्या हाती दिला.

अशा याद्यांत महिला खेळाडूंची नावे क्वचितच दिसतात, याचे मला वाईट वाटते. ब्राझीलची मार्ता सहा वेळा जगातली सर्वोत्तम ठरली, विश्वचषकांत तिचे 17 गोल आहेत. 2019 मध्ये फ्रान्सकडून हरल्यावर डोळ्यांत पाणी असताना ती कॅमेऱ्याकडे वळून पुढच्या पिढीतल्या मुलींशी बोलली: आम्ही कायम असणार नाही, आता तुमच्यावर आहे. आदरासाठी आणखी काय लागते?

शेवटी पाओलो माल्दिनी. 25 हंगाम, 902 सामने, एकच क्लब, मिलान. 24 मे 2009 रोजी घरच्या मैदानावरच्या निरोपाच्या सामन्यात मिलानच्याच कट्टर चाहत्यांच्या एका गटाने जुना राग काढत त्याची हुर्यो उडवली. आठवड्याने फ्लोरेन्समध्ये तो अखेरचा खेळला आणि तिथे फिओरेन्तिनाचे चाहते, हरलेले असूनही, त्याच्यासाठी उभे राहिले.

आपल्या क्रीडा पानावर गोलांच्या क्रमवाऱ्या नेहमीच छापून येतात. कधीतरी समोरच्या प्रेक्षकांनी उभे राहून मानवंदना दिलेल्या खेळाडूंवर एखादी लेखमाला छापावी, ही मनापासून विनंती. सुरुवात माल्दिनीच्या त्या शेवटच्या दोन सामन्यांपासून झाली तर फार आनंद होईल.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक