चिठ्ठी दिल्यानंतरचे काम

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हिपॅटायटिस बी, म्हणजेच ब प्रकारच्या काविळीविरुद्ध शहरव्यापी मोहीम निघते तेव्हा किती जणांची रक्ततपासणी झाली हा आकडा सर्वांत आधी जाहीर होतो आणि बहुतेक वेळा मोहिमेचा हिशेबही तिथेच मिटतो. प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून पंचवीस वर्षे काम केल्यामुळे या आकड्याचे मोल मी जाणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग होता आणि त्यांपैकी जेमतेम १३ टक्के लोकांचेच निदान झाले होते. विषाणू यकृतात वर्षानुवर्षे काही त्रास न देता राहू शकतो, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय त्याचा पत्ताच लागत नाही. तपासणी हवीच. माझे म्हणणे आहे ते त्यानंतर जे व्हायला हवे आणि होत नाही त्याबद्दल.

अशाच एका शिबिरात मी मदतीला होते. चाळिशीतल्या एका गृहस्थांच्या हाती अहवालाची चिठ्ठी पडली. तीवर ‘एचबीएसएजी रिॲक्टिव्ह’ एवढेच लिहिले होते; म्हणजे रक्तात या विषाणूच्या संसर्गाची खूण सापडली होती. टेबलावरच्या मुलाने ‘मोठ्या डॉक्टरांना दाखवा’ असे सांगून पुढचे नाव पुकारले. गृहस्थांनी चिठ्ठी उलटून मागची कोरी बाजू पाहिली, तिची घडी करून खिशात ठेवली आणि ते रांगेच्या कडेकडेने निघून गेले. आठवड्याभराने ते मला शोधत प्रयोगशाळेत आले. पाण्याचा पेला वेगळा ठेवला आहे, मुलीला जवळ घेणे थांबवले आहे, आणखी काय करायचे, असे त्यांनी हळू आवाजात विचारले.

यातले काहीही करण्याची गरज नव्हती. हा विषाणू एकत्र जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने किंवा खोकल्यातून पसरत नाही. तो पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. दाढीचे पाते, दात घासायचा ब्रश, नखे कापायचे साधन मात्र वेगळेच हवे, कारण शरीराबाहेर हा विषाणू निदान सात दिवस तग धरतो. ही चार वाक्ये सांगायला दोन मिनिटे लागतात. त्या दोन मिनिटांअभावी एक बाप आठवडाभर आपल्या मुलीपासून लांब बसला होता, आणि ज्यांची तपासणी व लसीकरण खरोखर तातडीचे होते त्या त्यांच्या पत्नीला आणि मुलीला कोणी बोलावलेही नव्हते.

चिठ्ठी ‘रिॲक्टिव्ह’ आली म्हणजे लगेच औषध सुरू करायचे असेही नसते. यकृताची तपासणी आणि रक्तातील विषाणूचे प्रमाण पाहून डॉक्टर ते ठरवतात. पण औषध लागो वा न लागो, ठरावीक काळाने तपासणी करत राहावेच लागते. या आजारात यकृत आक्रसण्याआधीही त्याचा कर्करोग होऊ शकतो. टेनोफोविर किंवा एन्टेकाविरची रोज एक गोळी विषाणूला दाबून ठेवते, मात्र बरे वाटते म्हणून ती मनाने बंद केल्यास आजार अचानक उसळू शकतो. एवढे सगळे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याची बोळवण एका चिठ्ठीवर कशी करता येईल?

ज्यांची तपासणी ‘निगेटिव्ह’ येते त्यांच्याबाबतीतही काम अर्धेच राहते. एचबीएसएजी या एकाच चाचणीवरून आज संसर्ग नाही एवढे कळते. प्रतिकारशक्ती आहे की नाही, पूर्वी संसर्ग होऊन गेला का, हे कळण्यासाठी त्याच रक्तातून आणखी दोन चाचण्या कराव्या लागतात. लशीचा प्रचलित क्रम पहिल्या दिवशी, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी असा तीन मात्रांचा आहे. तिसऱ्या मात्रेची वेळ येईपर्यंत मंडप आणि फलक केव्हाच उतरलेले असतात.

नवजात बालकांचा मुद्दा तर सर्वांत वर हवा. प्रौढ वयात संसर्ग झाला तर तो शंभरातल्या पाचांहून कमी जणांत कायमचा राहतो. जन्माच्या वेळी झाला तर सुमारे नव्वदांत. म्हणून पहिली मात्रा २४ तासांच्या आत द्यायची असते आणि तिला सुट्टीचा वार किंवा रात्रीची वेळ आड येता कामा नये. गरोदरपणात प्रत्येक स्त्रीची ही तपासणी व्हावी आणि ती बाधित असल्यास बाळासाठी लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे या विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही तयार असावे.

सॅन फ्रान्सिस्को शहराने २००७ मध्ये आशियाई वंशाच्या नागरिकांसाठी अशी मोहीम हाती घेतली. तिथे डॉक्टरांनी ही तपासणी आपल्या रोजच्या कामाचा भाग करावी यावर भर दिला गेला. लोकप्रतिनिधी फिओना मा यांनी, आपल्याला हा संसर्ग जन्माच्या वेळी आईकडून झाला, असे उघडपणे सांगितले. प्रत्येकाने असे जाहीर करावे असे मी म्हणणार नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण ज्या शिबिरात अहवाल चारचौघांत पुकारून दिले जातात, तिथे लोक दुसऱ्यांदा येत नाहीत हे मी पाहिले आहे.

तेव्हा मोहिमेच्या खर्चातच पुढच्या वर्षभराच्या पाठपुराव्याची तरतूद करावी, अहवाल आडोशाला बसवून समजावून द्यावा आणि बाधिताच्या घरच्यांना त्याच आठवड्यात बोलवावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या वार्ताहरांनाही एक सांगावेसे वाटते: शिबिराच्या उद्घाटनाला गेलात तसे सहा महिन्यांनीही जा आणि तिसरी मात्रा किती जणांनी घेतली, बाधितांपैकी किती जण डॉक्टरांपर्यंत पोहोचले, हे दोन आकडे मागून घेऊन छापा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ