कोरड्या दिवसांत नंदिनीत पडणारे सांडपाणी शोधण्यासाठी मदतीचे आवाहन

नाशिककरांनो,

नंदिनी, म्हणजे आपली नासर्डी, सातपूर-सिडकोकडून येते आणि आगर टाकळीच्या संगमावर गोदावरीला मिळते. आपल्या नळाला पाणी मुख्यतः वरच्या अंगाच्या गंगापूर धरणातून येते, त्यामुळे या नदीत आपण काय सोडतो ते आपल्या पेल्यात उतरत नाही. ते खालच्या गावांना सोसावे लागते. हेच पाणी पुढे नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यात अडते, तिथून जायकवाडीकडे जाते, आणि छत्रपती संभाजीनगरची तहान जायकवाडीवर आहे.

नदीतला कचरा काढायलाच हवा. पण पाणवेली कितीही काढल्या तरी काही आठवड्यांत पुन्हा पसरतात, कारण त्यांना लागणारे नत्र आणि स्फुरद सांडपाण्यातून रोज मिळत राहते. म्हणून येत्या उन्हाळ्यात आमच्या नदीकाठच्या नागरिक समितीने एकच काम धरले आहे. पावसाळी गटारांच्या ज्या तोंडांतून पाऊस नसतानाही पाणी पडते, ती सगळी शोधायची, मोजायची आणि पुराव्यासह महापालिकेकडे द्यायची. सिंहस्थाच्या तोंडावर तर हे व्हायलाच हवे.

पावसाळी गटार एप्रिलमध्ये कोरडे असले पाहिजे. ते वाहत असेल तर बहुधा बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनची नळी गच्चीच्या पाइपात सोडलेली असते, नाहीतर ड्रेनेजचे चेंबर गाळाने आणि प्लास्टिकने तुंबून गटारात उतू जात असते. कधी पिण्याच्या पाण्याची लाइनच गळत असते. पाणी स्वच्छ दिसले तर क्लोरोस्कोपने, म्हणजे पाण्यातले क्लोरीन तपासण्याच्या छोट्या संचाने, ओटी टेस्ट (क्लोरीनची चाचणी) करावी. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, म्हणजे नळाचे पाणी वाया जाते आहे. रंग आला नाही, वासही नाही आणि रात्री दोनलाही धार तशीच आहे, तर तो जिवंत झरा असू शकतो. तो बुजवायचा नाही, जपायचा.

मोजणी सोपी आहे. १० लिटरची बादली ४ सेकंदांत भरली तर धार सेकंदाला अडीच लिटर, म्हणजे दिवसाला २ लाख १६ हजार लिटर. पण सांडपाणी सकाळी सहा ते नऊ जास्त येते, त्यामुळे एकाच वेळच्या मोजणीवर आकडा काढला की तो फसवा ठरतो. सकाळी, दुपारी आणि रात्री, तीनदा मोजावे. आधीचे तीन दिवस पाऊस नको.

विरघळलेल्या ऑक्सिजनचा नमुना उजाडताच घ्यावा. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडते आणि मेलेली नदीही कागदावर निरोगी दिसते. बाटली पृष्ठभागाखाली धरून पूर्ण भरावी, आत बुडबुडा राहू देऊ नये. आंघोळीच्या पाण्यासाठी लिटरला किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन वापरतात तो, ३ मिलिग्रॅमच्या वर नको. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक हवी आणि ती बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावी.

तोंड सापडले म्हणून ते सिमेंटने बंद करू नका. पाणी मागे तुंबते आणि तळमजल्यावरच्या घरांत शिरते. जोडणी बदलूनच ते थांबते. चेंबरमध्ये कोणीही उतरायचे नाही, डोकावायचेही नाही. तिथला वायू माणसाला काही क्षणांत बेशुद्ध करतो. झाकण उघडण्याचे काम पालिकेचे कर्मचारीच करतील.

आम्हाला प्रत्येकी चार जणांची १५ पथके उभी करायची आहेत. एकाने बादली धरायची, एकाने वेळ मोजायची, एकाने नोंद आणि ठिकाणासह फोटो, एकाने नमुने. त्यासाठी गमबूट, रबरी हातमोजे, दोर, १० लिटरच्या बादल्या, क्लोरोस्कोप, ऑक्सिजन तपासणीचे किट आणि थर्माकोलच्या पेट्या हव्या आहेत. रोख रकमेपेक्षा वस्तू दिल्यात तर बरे, रोख दिलीत तर पावती जरूर मागा. प्लंबिंगचे काम करणाऱ्यांची आम्हाला सर्वांत जास्त गरज आहे. कोणता पाइप कुठे जातो हे त्यांच्याइतके कोणी ओळखत नाही. महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांनी आठवड्यातून एक सकाळ प्रयोगशाळा दिली तर बीओडीचा खर्च वाचेल.

सोसायट्यांच्या अध्यक्ष-सचिवांना वेगळी विनंती. रंग-चाचणीसाठी परवानगी द्या. बाथरूममध्ये चिमूटभर हिरवा फ्लुरोसीन रंग घातलेली एक बादली ओततो आणि तो गटारात दिसतो का, ते पंधरा-वीस मिनिटे पाहतो. चुकीची जोडणी निघाली तर सोसायटीचे नाव जाहीर करणार नाही, दुरुस्तीसाठी आमचा प्लंबर पाठवू. काम टाकळीच्या संगमापासून सुरू करून वर सातपूरकडे नेणार आहोत, त्यामुळे टाकळी आणि द्वारका भागातल्या सोसायट्यांनी मार्चअखेरपर्यंत होकार कळवावा.