माईस पत्र : गोठलेला नळ आणि रात्रीची बुखारी

लातूर,
५ डिसेंबर

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन मध्येच तुटला. सकाळी नळ सोडला तर पाणी आले नाही, नुसती हवा सुटल्यासारखा आवाज आला आणि तोटीच्या तोंडाशी बर्फ दिसला, एवढे तू सांगितलेस आणि पुढचे ऐकू आले नाही. ही गोष्ट तुटक बोलण्यात सांगण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. पत्र वाचून कपाटात ठेवू नकोस, न्हाणीघराच्या दाराला आतल्या बाजूने चिकटव.

सैन्यात असताना मी लडाखात दोन हिवाळे काढले आणि निवृत्तीनंतर इथे लातुरात आजवर नळजोडणीचेच काम केले, त्यामुळे पाइपाचे दुखणे मला दोन्हीकडून ठाऊक आहे. आपल्या परभणीत पारा पाच-सहा अंशांवर उतरला तरी चौकाचौकांत शेकोट्या पेटतात. तुझ्याकडे लेहला जानेवारीच्या रात्री तो उणे १५ च्याही खाली जातो. बँकेने बदली केली ती डिसेंबरच्या तोंडावर, म्हणजे सवय व्हायला तुला शरद ऋतूही मिळाला नाही, याची मला काळजी आहे.

आधी पाइप का फुटतो ते समजून घे, कारण ते कळले की पुढचे सगळे आपोआप सुचते. पाणी गार होताना ४ अंशांपर्यंत आकसते आणि त्याखाली पुन्हा पसरू लागते. बर्फ झाले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बर्फ जिथे धरतो तिथेच पाइप फाटतो असे बहुतेकांना वाटते, पण तसे क्वचितच होते. पाइपात बर्फाचा बोळा बसतो, तो वाढत जातो आणि त्याच्या व बंद तोटीच्या मध्ये अडकलेल्या पाण्याला दाबत राहतो. त्या पाण्याला जायला वाट नसल्यामुळे दाब इतका चढतो की जिथे सांधा किंवा एल्बो, म्हणजे पाइपाच्या वळणावरचा जोड, कच्चा असेल तिथे तो फुटतो, मग ती जागा बर्फापासून चार हात लांब का असेना. शिवाय फुटल्याचे त्या वेळी कळतच नाही, कारण बर्फानेच वाट अडवलेली असते. दुपारी ऊन भिंतीवर आले, बोळा वितळला की मग पाणी घरभर होते, आणि त्या वेळी तू बँकेत असतेस. म्हणून नळ गोठलेला असेल त्या दिवशी मेन कॉक, म्हणजे घरात येणारे पाणी बंद करणारी मुख्य चावी, बंद केल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाही.

थंडीच्या देशांत रात्रभर नळ बारीक धारेने चालू ठेवतात. त्याने दाब साचत नाही, हे खरे आहे. परंतु तुझ्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येते आणि टाकीत साठवावे लागते, त्यामुळे हा उपाय तुला परवडणार नाही. आणि खरे सांगायचे तर मला तो मनाने पटतही नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर, ते दिवस तू पाहिले आहेस. रात्री दोन वाजता टँकर आला म्हणून तुझी आई आणि तू घागरी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभ्या होतात. ते पाहिलेल्या माणसाच्या हातून नळ उघडा ठेवून झोपणे होत नाही.

त्यापेक्षा लडाखातले जुने लोक करतात ते कर : रात्री पाइप रिकामा ठेव. झोपण्याआधी टाकीखालची चावी बंद करायची, मग सगळ्यांत वरची तोटी उघडायची म्हणजे पाइपात हवा शिरते, आणि सगळ्यांत खालची तोटी उघडून उतरेल तेवढे पाणी बादलीत घ्यायचे. हवा शिरली नाही तर पाणी पाइपातच लटकून राहते, म्हणून वरची तोटी विसरू नकोस. तेच बादलीतले पाणी खोलीत झाकून ठेवले की सकाळचे तोंड धुणे आणि चहा त्यात भागतो, एक थेंबही वाया जात नाही. रिकाम्या पाइपात गोठायला काही उरत नाही. मात्र एक पाहून ठेव. पाइप खिळ्यांवरून सुटून कुठे झोळ पडला असेल, तर त्या झोळात पाणी साचून राहते आणि नेमके तिथेच गोठते. अशा जागी खाली विटेचा तुकडा देऊन किंवा वरून सुतळीने ओढून बांधून पाइपाला तोटीकडे उतार कर. उत्तरेच्या भिंतीवरच्या आणि टाकीपासून घरात शिरणाऱ्या पाइपाला गोणपाट गुंडाळ, त्यावर प्लॅस्टिक बांध म्हणजे गोणपाट ओला होणार नाही. ओल्या गोणपाटाचा काही उपयोग नाही.

एवढे करूनही एखाद्या सकाळी नळ गोठलाच, तर घाई करू नकोस. आधी तोटी पूर्ण उघड, मग तोटीच्या बाजूने सुरुवात करून मागे मागे जात पाइप गरम कर. मधूनच गरम केलास तर वितळलेले पाणी दोन बोळ्यांमध्ये कोंडते आणि पुन्हा तीच गोष्ट होते. कोमट पाण्यात पिळलेला पंचा पाइपाभोवती गुंडाळायचा, गार झाला की बदलायचा. केस वाळवायचे यंत्र असेल तर तेही चालते, पण हात कोरडे हवेत आणि खाली पाणी सांडलेले नसावे. पहिल्यांदा तोटी खोकल्यासारखा आवाज करते, मग बर्फाची बारीक चूर येते, मग थेंब. थेंब दिसला तरी धार लागेपर्यंत थांबायचे नाही. पेटती चूड, स्टोव्ह किंवा उकळते पाणी पाइपाला कधीही लावायचे नाही. माझ्या डाव्या मनगटावरचा जो पांढरा डाग तू लहानपणी बोटाने चाचपून पाहायचीस, तो याच चुकीचा आहे. स्टोव्हची ज्योत मी एल्बोखाली धरली होती, आत वाफ कोंडली आणि सांधा सुटून ती हातावर आली.

न्हाणीघरातला गीझर लावण्याआधी गरम पाण्याची तोटी उघडून धार येते का ते रोज पाहा. धार आली नाही तर बटणाला हात लावायचा नाही. टाकी रिकामी असेल तर आतला एलिमेंट जळतो; आणि येणारा व जाणारा असे दोन्ही पाइप गोठलेले असतील तर तापून फुगणाऱ्या पाण्याला वाट राहत नाही, सेफ्टी व्हॉल्व्हही गोठलेला असू शकतो, आणि तो प्रकार जीवघेणा आहे. खोली तापवायचा दोन हजार वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर वीज ओढतो, तेव्हा तो १६ अँपिअरच्या जाड पिनेच्या सॉकेटलाच लावायचा, एक्स्टेन्शन बोर्डाला नाही. रजई, पडदा आणि ओले कपडे त्याच्यापासून किमान एक मीटर दूर असू देत.

आता ज्यासाठी मुख्यत्वे हे पत्र लिहिले त्याकडे येतो. घरमालकांनी खोलीत बुखारी, म्हणजे खोली तापवायची धुराड्याची शेगडी, दिली आहे असे तू म्हणालीस. बुखारी चांगली वस्तू आहे, मी तिच्यासमोर बसून अनेक संध्याकाळी काढल्या आहेत. परंतु रॉकेल, लाकूड किंवा कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो, म्हणजे माणूस आधीच ओढग्रस्त असतो.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही चौघे एका खोलीत झोपलो होतो. वारा आत येतो म्हणून खिडकीची फट आम्ही घोंगडीने बुजवली होती. पहाटे मला जाग आली ती डोके ठणकत असल्यामुळे, आणि उंचीमुळे दुखत असेल म्हणून मी पुन्हा डोळे मिटले. शेजारचा सोबती लघवीला उठला, दोन पावले चालला आणि दारावरच कोसळला. त्याच्या वजनाने कडी निसटून दार उघडले, म्हणून आम्ही चौघे वाचलो. बाहेरच्या बर्फावर बसून ओकाऱ्या काढताना मला कळले की ती डोकेदुखी उंचीची नव्हती. तुझ्या बाबतीत मला हीच भीती आहे, माई. तिथे नव्याने गेलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ, चक्कर हे सगळे उंचीमुळेही होते, त्यामुळे संशयच येत नाही. एक खूण लक्षात ठेव : मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटू लागले, किंवा खोलीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास होऊ लागला, तर तो त्रास याच वायूचा आहे असेच समज, बुखारी विझव, दारे उघड आणि दवाखान्यात जा.

बुखारी पेटलेली असताना खिडकी चार बोटे उघडी असलीच पाहिजे, थंडी लागली तरी चालेल. धुराडे महिन्यातून एकदा काढून काजळी झटकून घे आणि वरचे तोंड बर्फाने बुजले नाही ना ते घरमालकांना पाहायला सांग. झोपण्याआधी ती पूर्ण विझली पाहिजे. निखारे राखेखाली ठेवणे म्हणजे विझवणे नव्हे. आपल्याकडेही बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने माणसे गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, तेव्हा ही गोष्ट फक्त लडाखची नाही. हा वायू ओळखून वाजणारे कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र बाजारात मिळते. पहिल्या पगारात दुसरे काही घेऊ नकोस, ते घे आणि उशाशी ठेव.

आईने तुझ्यासाठी जाड वाकळ शिवली आहे. ती, सुतळीचा गुंडा आणि दोन पान्हे असे पार्सल सोमवारी टाकतो. पार्सल येण्याची वाट न पाहता आज बँकेतून आल्यावर उजेड असतानाच तुझ्या घराचा मेन कॉक कुठे आहे तो शोध, हाताने फिरवून पाहा, फिरत नसेल तर घरमालकांना बोलावून मोकळा करून घे, आणि त्याचा फोटो मला पाठव.

तुझे,
अण्णा