लगेच उत्तर न देणाऱ्या कर्नल मॅडमना

आदरणीय कर्नल मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आभार मानायचे तर फोनवरही मानता आले असते. पण हे पत्र मी मुद्दाम चारचौघांत लिहितेय. तुमच्याबरोबर इतरांनीही ते वाचावं असं वाटतं, आमच्या ऑफिसातल्या दोघा-तिघांनी तर जरूर वाचावं.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. साताऱ्याच्या एमआयडीसीत आहे, प्रेस शॉप आहे, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढायचं काम, एवढं पुरे. आमच्याकडे दर ८ मार्चला काय होतं ते तुम्ही पाहिलंतच. एक गुलाब, एक स्टीलचा डबा आणि साहेबांचं भाषण. तुमच्या आधी एक प्रेरणादायी वक्ते आणले होते. त्यांनी आम्हा बायकांना उभं करून घोषणा द्यायला लावल्या, शेजारणीला टाळी द्यायला लावली, ‘तुम्ही सगळ्या दुर्गा आहात’ असं सांगितलं आणि पाकीट घेऊन पुण्याला गेले. मी तेव्हा नुकतीच क्वालिटीतून लाईनवर सुपरवायझर झाले होते. दुर्गेनं मेमो कुणाच्या सहीनं काढायचा, हे विचारायचं राहूनच गेलं.

अडचण घेऊन एचआरकडे गेले तर ‘ॲडजस्ट करून घ्या, होते सवय’. त्यांच्या वरच्या साहेबांकडे गेले तर ते हसून म्हणाले, ‘पोरं गावाकडची आहेत हो, बाईचं ऐकायची सवय नाही त्यांना. त्यांचं तरी काय चुकतंय?’ हे वाक्य लक्षात ठेवा मॅडम, पुढे लागणार आहे.

त्यामुळे फौजेतून निवृत्त झालेल्या आणि नेतृत्वावर पुस्तक लिहिलेल्या कुणी बाई येणार म्हटल्यावर मला फारशी आशा नव्हती. फौज आम्हाला नवी नाही. माझं सासर अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. आमच्या घरात तीन पिढ्या फौज, पण सगळे जवान, नाईक, हवालदार. अधिकारी एकही नाही, आणि बाई अधिकारी हा विषयच नाही. २०१७ मध्ये स्वाती महाडिक लेफ्टनंट झाल्या तेव्हा साऱ्या साताऱ्याचा ऊर भरून आला. पण ते सगळं कौतुक त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक यांच्या बलिदानापाशी येऊन थांबायचं. या बाई आता रोज सकाळी युनिटमध्ये जाऊन माणसांकडून काम कसं करून घेत असतील, असं काही कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मला तर तेवढंच हवं होतं.

तुमचं भाषण चांगलं झालं. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं विसरले. प्रश्न विचारा म्हणालात तेव्हा कुणी हात वर करेना, म्हणून मी उठले. माझ्या लाईनवरचे सगळ्यात जुने सेटर, म्हणजे मशीनवर डाय (साचा) बसवून देणारे, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, माझ्यासमोर ‘हो मॅडम’ म्हणतात आणि माझी पाठ वळली की डायचं सेटिंग आपल्या मनासारखं करतात. आणि पंचाईत अशी की पुष्कळदा त्यांचंच बरोबर निघतं. मग मी ओरडायचं की गप्प बसायचं? मागच्या रांगेत हशा पिकला. व्यासपीठावरचे साहेबही हसले.

तुम्ही हसला नाहीत. पर्समधून एक लहानशी वही काढलीत, पेनचं टोपण दातात धरलंत आणि मला प्रश्न पुन्हा, सावकाश सांगायला लावलात. तो लिहून घेतलात. नाव विचारलंत. आडनाव नीट ऐकू आलं नाही तर तेही परत विचारून खोडून लिहिलंत. आणि माइकमध्ये म्हणालात, ‘ताई, याचं उत्तर मला आत्ता येत नाही. विचार करून सांगते.’

बस्स, एवढंच. पण इतक्या लोकांसमोर, खास पाहुणी म्हणून बोलावलेल्या बाईनं ‘येत नाही’ म्हणावं, हे मी आमच्या आवारात पहिल्यांदा ऐकलं. मागची रांग गप्प झाली. माझा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे वेगळं कुणाला सांगावं लागलं नाही. वक्ते ‘नंतर बोलू’ म्हणतात ते टाळायला, हे मला ठाऊक आहे. तुमचा फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. मी पोवई नाक्यावर भाजी घेत होते, रिक्षांच्या हॉर्नमध्ये निम्मं ऐकू येत नव्हतं आणि तुम्ही न कंटाळता वाक्य परत परत सांगत होतात.

फोनवर तुम्ही सांगितलंत ते तुमच्या पहिल्या पोस्टिंगमधल्या सुभेदारांबद्दल. तुमचं वय जेवढं, तेवढी त्यांची नोकरी. समोर ‘जी मॅडम’ आणि मागे सगळं त्यांच्या पद्धतीनं. फौजेत अधिकारी सुभेदारालाही ‘साहेब’ म्हणतो, हे मी घरी ऐकलेलं होतं, पण त्याचा उपयोग काय ते तुमच्याकडून कळलं. रोल कॉलच्या आधी त्यांच्या खोलीत जाऊन ‘साहेब, हे आज कसं करावं?’ विचारायचं. मग सगळ्यांसमोर हुकूम आपण द्यायचा. आणि काम बिघडलं तर ‘साहेबांनी सांगितलं होतं’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. हा शेवटचा भाग तुमच्या पुस्तकात नाही, पुढच्या आवृत्तीत घाला. (पुस्तक मी विकत घेतलंय. आकृत्यांची प्रकरणं सोडून दिली, युनिटमधल्या गोष्टी दोनदा वाचल्या.)

दुसरी गोष्ट तुम्ही ओघात बोललात आणि ती माझ्या डोक्यातून जाईना. बायकांना कायम कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांपुरती नव्हे तर निवृत्तीपर्यंतची अधिकारीपदाची नोकरी, देण्याचा खटला सुप्रीम कोर्टात चालला तेव्हा सरकारतर्फे मांडलं गेलं की जवान बहुतेक खेड्यापाड्यांतले, बाईची कमांड मानायला त्यांची मनं अजून तयार नाहीत. आमच्या साहेबांचंच वाक्य, फक्त दिल्लीतलं! १७ फेब्रुवारी २०२० ला न्यायमूर्ती चंद्रचूड आणि न्यायमूर्ती रस्तोगी यांनी ते झिडकारलं. कायम कमिशन द्या, आणि कमांडच्या, म्हणजे तुकडीचं नेतृत्व करायच्या, जागा बायकांना सरसकट बंद ठेवू नका, असा निकाल दिला. १९९२ मध्ये पहिल्या मुली चेन्नईच्या लष्करी अधिकारी प्रशिक्षण अकादमीत गेल्या तेव्हा नोकरीची बोली पाच वर्षांची होती, मग ती दहा झाली, मग चौदा. तुमची १४ वर्षं निकालाच्या आधीच संपली. पेन्शनला २० लागतात, म्हणजे तीही नाही. हे सांगताना तुमच्या आवाजात कडवटपणा नव्हता. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘माझ्या जवानांनी मला कधी त्रास दिला नाही हो. त्रास दिला तो त्यांच्या वतीनं बोलणाऱ्यांनी.’

मॅडम, मी लाईनवरच्या एकेकाचा चेहरा आठवून पाहिला. कोरेगावचा, मेढ्याचा, रहिमतपूरचा. ‘बाईचं ऐकणार नाही’ असं त्यांच्यातल्या एकानंही मला कधी तोंडावर सांगितलेलं नाही. सांगितलं ते वातानुकूलित केबिनमधून.

तर मी तात्यांकडे शिफ्ट सुरू व्हायच्या आधी गेले. ‘आता इचारताय व्हय?’ म्हणाले आणि तंबाखू मळत बसले. मळून झाल्यावर उठले आणि तिसऱ्या प्रेसची पट्टी कुठे झिजलीय ते बोट लावून दाखवलं. ड्रॉइंगप्रमाणे सेटिंग केलं की त्या मशीनवर जॉबला ‘बर’, म्हणजे कडेला धारदार कंगोरा, का येतो, ते तेव्हा कळलं. जादू वगैरे काही झालेली नाही. ते अजूनही सेटिंग बदलतात, पण आता सांगून बदलतात, आणि मी ते वहीत लिहून खाली माझी सही करते.

आपल्याकडे ‘मला हे येत नाही’ म्हणणारी माणसं आहेतच. आमच्या गल्लीतले जुने डॉक्टर ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही, उगाच वेळ घालवू नका, सिव्हिलला जा’ असं स्पष्ट सांगतात आणि फी घेत नाहीत. अशांचे फ्लेक्स लागत नाहीत एवढंच. तुम्ही त्यांच्यातल्या आहात, खांद्यावर स्टार होते हा भाग वेगळा.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या लाईनवर कराडची एक डिप्लोमावाली मुलगी सुपरवायझर म्हणून येतेय. साहेबांनी तिलाही ते गावाकडच्या पोरांचं वाक्य ऐकवून झालंय. साताऱ्यात याल तेव्हा कार्यक्रम, गुलाब काही नको, दुपारच्या शिफ्टला सरळ लाईनवर या. तिची भेट होईल. आणि तात्यांना तुमच्याशी त्या सुभेदारांबद्दल बोलायचंय. मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली, तर त्यांचं ठाम मत पडलं की चूक सुभेदारांची नव्हतीच, तुमचीच होती. तुम्ही समक्ष येऊन काय ते मिटवा. कँटीनची भाजी खाण्यासारखी नसते, डबा मी आणीन.

आपली,
बी शिफ्टची सुपरवायझर, सातारा